थडग्यांवरील अक्षरें : ठाणें व कल्याण येथील जुन्या दफनभूमींविषयीं कांहीं विचार

जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे आपण प्रथम कागदाचा पोत, शाईचा रंग व मोडीचें वळण पाहतों, शिक्का उजेडापुढें धरतों, आणि मग मजकुराकडे वळतों. ताम्रपट असेल तर कडी व मुद्रा शाबूत आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. इतकी आस्था थडग्याच्या दगडाच्या वाट्यास मात्र येत नाहीं. वास्तविक तोही एक दस्तऐवजच होय; आणि पुष्कळ दफ्तरांत नसणारा एक गुण त्याच्या अंगीं आहे. ज्या माणसाविषयीं तो बोलतो त्याच्याच उशाशीं तो उभा असतो. कागद पुण्याहून मुंबईस जातो, मुंबईहून लंडनास जातो, शेवटीं वाळवीच्या तोंडींही जातो. थडगें आपली जागा सहसा सोडीत नाहीं.

ठाण्याच्या जमिनीनें संशोधकांस पूर्वीं एकदां मोठें दान दिलें आहे. इ. स. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चालू असतां शिलाहार अरिकेसरीचे शके ९३९ चे ताम्रपट निघाले, व त्यांचें भाषांतर 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडांत प्रसिद्ध झालें. उत्तर कोंकणाच्या शिलाहारांचा अभ्यास तेव्हांपासून सुरू झाला. त्याच जमिनीच्या पाठीवर, कुदळ न लावतां, जें वाचावयास मिळतें त्याविषयीं येथें लिहावयाचें आहे.

दहनाची चाल असलेल्या समाजाच्या इतिहासास थडग्यांचा उपयोग तो काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मृताच्या नांवें दगड उभा करण्याची चाल आमच्याकडे नव्हती असें नाहीं. साष्टींतील एकसर येथील वीरगळ (तें गांव आज बोरिवलींत मोडतें) प्रसिद्धच आहेत. वल्हीं लावलेल्या जहाजांच्या रांगा, त्यांवरील धनुर्धर, पाण्यांत पडलेलीं प्रेतें आणि सर्वांत वर कैलासांत शिवपूजा करणारा वीर, असा आरमारी लढाईचा देखावा महाराष्ट्रांत दुसरीकडे क्वचितच आढळेल. पण त्यांवरील अक्षरें झिजून गेलीं आहेत. त्यामुळें कोणी त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या तेराव्या शतकांतील झुंजीशीं लावितात, तर कोणी तीं शिल्पें त्याहून दोन शतकें मागें नेतात. दगड आहे, चित्र आहे, वीरही आहे. नांव मात्र नाहीं. अक्षरांची एकच ओळ शिल्लक राहती तर हा वाद उद्भवलाच नसता.

ठाण्यांत मरण पावलेल्या ज्या माणसांचीं नांवें युरोपांत सर्वांत आधीं पोहोंचलीं, त्यांचें थडगें ठाण्यांत नाहीं. इ. स. १३२१ मध्यें तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन साधु येथें मारले गेले. त्यांचा सोबती जोर्दानुस यानें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. आणि थोड्याच काळानें आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक नामक प्रवाशानें त्या अस्थि उकरून चीन देशांतील जैतून बंदरास नेल्या. या मृत्यूंविषयीं कागद भरपूर आहेत, दगड एकही नाहीं. कल्याणचें उदाहरण याच्या नेमकें उलट आहे, व त्यापासून शिकण्यासारखें अधिक आहे.

कल्याणास शेणाळें तलावाच्या कांठीं, ज्यास लोक काळा तलाव म्हणतात तेथें, मोतबरखानाची कबर आहे. शहराच्या तटाशींही याच खानाचें नांव जोडलेलें आहे. सरकारी गॅझेटियरच्या ठाणें जिल्ह्याच्या खंडांत (१८८२) जी समजूत नोंदली गेली ती अशी कीं, मोतबरखान हा शाहजहान बादशहाचा वजीर असून औरंगजेबानें बापास कैदेंत टाकल्यावर त्याची मर्जी खप्पा होऊन खानास कल्याणास धाडण्यांत आलें. कथा ऐकावयास चांगली आहे. पदच्युत वजीर, दूरचें बंदर, तलावाकांठचें एकांतवासाचें जिणें, असें सर्व साहित्य तींत आहे. परंतु ती कालक्रमाच्या कसोटीस टिकत नाहीं. इ. स. १६३६ च्या तहानें निजामशाही कोंकण विजापूरकरांकडे गेलें. कल्याणही त्यांतच आलें. १६५७ च्या ऑक्टोबरांत तें शिवाजी महाराजांनीं घेतलें. शाहजहान कैदेंत पडला तो १६५८ च्या जून महिन्यांत. म्हणजे त्या वेळीं कल्याण मराठ्यांच्या ताब्यांत होतें, आणि मोगलांचें ठाणें तेथें १६६१ पर्यंत बसलेलें नव्हतें. आपल्या रुसव्यांतील वजिराची रवानगी औरंगजेब शिवाजीच्या मुलुखांत कशी करणार ?

कबरींतील पुरुष निराळा आहे, आणि तो या कथेंतल्या वजिरापेक्षां फार अधिक कर्तबगार होता. मोतबरखान (फारशी लेखनाप्रमाणें मातबरखान) हा नवायत घराण्यांतील सरदार. संभाजी महाराजांच्या पाडावानंतर, १६८९ पासून, त्यानें उत्तर कोंकणांतील किल्ले मोगलांसाठीं एकामागून एक घेतले, कल्याण ताब्यांत आणलें आणि तेथेंच ठाण मांडलें. १६९३ मध्यें त्यानें वसईकडील फिरंगी मुलुखावर स्वारी केली. १७०४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे हिजरी १११५ मध्यें, तो वारला. यदुनाथ सरकारांनीं औरंगजेबाच्या इतिहासांत त्याच्याच पत्रव्यवहाराच्या आधारें त्याची हकीकत लिहिली, तेव्हां कोठें तलावाकांठच्या दगडांत खराखुरा मनुष्य दिसूं लागला. १६५८ मध्यें वजिरीवरून निघालेला मनुष्य १६९३ मध्यें घोड्यावर बसून वसईवर चालून जातो, हें कोणासही पटण्यासारखें नाहीं.

त्याच तलावावरील काळी मशीद इ. स. १६४३ ची म्हणून नोंदलेली आहे. ती तारीख मानली तर मशीद आदिलशाही अमलांतली ठरते व खानाचा तिच्या उभारणीशीं संबंध उरत नाहीं. माझा तर्क असा कीं, एकाच पाण्याच्या कांठीं असलेल्या दोन इमारतींचे काळ लोकांनीं एकत्र केले. मशिदीचा काळ शाहजहानचा म्हणून कबरही त्याच्याच वजिराची झाली. कबर व कागद एकमेकांशेजारीं ठेवल्याशिवाय अशी गांठ सुटत नाहीं. नुसती कबर पाहणारा दंतकथा घेऊन परततो, आणि नुसता कागद वाचणाऱ्यास तो मनुष्य आपल्या शेजारींच निजला आहे याची वार्ताही नसते.

फिरंग्यांच्या व इंग्रजांच्या दगडांविषयीं थोडक्यांत आटोपतों. ठाणें १७३७ त व वसई १७३९ त मराठ्यांनीं घेतली, तोंवरचे फिरंगी मृत देवळाच्या भुईंतच पुरले जात, व त्यांचे लेखांकित दगड ही त्या देवळाची फरसबंदीच असे. वसईच्या किल्ल्यांतील फ्रान्सिस्कनांच्या पडक्या देवळांत असे दगड आजही पायांखालीं येतात, डॉ. जेर्सन द कुन्हा यांनीं १८७६ च्या आपल्या वसईविषयक ग्रंथांत त्यांतील पुष्कळ लेख छापिले आहेत. पोर्तुगीज थडग्यांवर ही कबर 'अमक्याची व त्याच्या वारसांची' असा मजकूर वारंवार येतो. आमच्याकडील वतनपत्रांतील 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' या शब्दांची त्यावरून आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. फरक इतकाच कीं, या वतनाचा उपभोग घेण्याची वारसांस घाई नसे.

इंग्रजांनीं ठाणें १७७४ च्या डिसेंबरांत घेतलें. त्या वेढ्यांत त्यांचा कमोडोर वॉटसन हा प्राणघातक जखमी झाला. पुढें १८२५ मध्यें बिशप हेबर यानें ठाण्यास येऊन इंग्रजांच्या देवळाचें समर्पण केलें. कंपनीच्या नोकरांचीं थडगीं अशा ठिकाणीं भोवतालीं जमत जातात, व त्यांवरील वयें वाचलीं म्हणजे कोंकणच्या हिवतापाचा इतिहास निराळा लिहावयास नको असें वाटतें. मात्र इंग्रजी थडग्यांची विचारपूस करणारे पुष्कळ झाले. बंगालच्या लेखांची यादी विल्सननें १८९६ त व मद्रासची कॉटननें १९०५ त प्रसिद्ध केली. १९७६ पासून तर दक्षिण आशियांतील अशा दफनभूमींकरितां विलायतेंत एक स्वतंत्र संस्थाच काम करीत आली आहे. मराठी संशोधकाची खरी गरज जेथें आहे ती जागा वेगळी.

ती जागा म्हणजे बेने इस्रायलांची दफनभूमि. ठाण्यांत या समाजाची वस्ती जुनी आहे. त्यांचें 'शाअर हाशामायिम' म्हणजे 'आकाशाचें द्वार' हें प्रार्थनामंदिर १८७९ मध्यें बांधलें गेलें, व आज हिंदुस्थानांत या समाजाची मोठी वस्ती उरली आहे ती ठाण्यांतच. या लोकांची मातृभाषा मराठी. त्यांची परंपरा सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि बुडालेल्यांस तेथेंच पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक अशा दोन उंचवट्यांखालीं मूठमाती देण्यांत आली. हे वांचलेले लोक तेलाच्या घाण्याचा धंदा करूं लागले, व शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनवार तेली' हें नांव पडलें. मूळच्या त्या उंचवट्यांवर अक्षर एकही नव्हतें. हैम शमुवेल केहीमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्यें लिहून पूर्ण केला, तो छापून निघण्यास १९३७ साल उजाडलें; त्यांतही आरंभींचा काळ परंपरेवरच उभा आहे. अक्षरें आलीं तीं मागाहून, धर्मशिक्षण व मुद्रण यांच्याबरोबर. आणि आलीं तीं दोन लिप्यांत.

येथेंच या थडग्यांचें वैशिष्ट्य आहे. एकाच दगडावर वरच्या अंगास इब्री व खालीं बाळबोध मराठी, कधीं त्याखालीं इंग्रजी, असा लेख बेने इस्रायलांच्या दफनभूमींत सर्रास आढळतो. पाहणारास वाटतें कीं एकच मजकूर दोनदां लिहिला आहे. तसें नाहीं. इब्री भागांत सामान्यतः मृताचें नांव बापाच्या नांवासह 'अमक्याचा पुत्र अमका' किंवा 'अमक्याची कन्या अमकी' असें येतें. गांवावरून पडलेलें आडनांव तेथें येण्याचें कारण नाहीं. केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगांवकर हीं आडनांवें सांगतो तो मराठी भाग. पुष्कळ बेने इस्रायल मुंबई इलाख्याच्या पलटणींत अंमलदार होते. सुभेदार, सुभेदार मेजर, सरदार बहादूर हे हुद्देही याच भागाच्या वाट्यास येतात. पहिली लिपि मनुष्यास त्याच्या धर्मांत ठेविते, तर दुसरी त्याला त्याच्या गांवांत व पलटणींत नेऊन बसविते. एक भाग वाचला आणि दुसरा सोडला तर अर्धाच मनुष्य हातीं लागतो.

दफ्तरें जमविणारांस याचा उपयोग प्रत्यक्ष आहे. या समाजांत शमुवेलाचा समाजी, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी व मोशेचा मुसाजी होत असे. मुंबईंत १७९६ मध्यें या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारा शमुवेल यहेज्केल दिवेकर हा मराठींत समाजी हसाजी दिवेकर होय. (त्या मंदिरास लोक 'जुनी मशीद' म्हणत, व मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात.) आतां मोडी कागदांत 'समाजी हसाजी' किंवा 'इसाजी' एवढेंच आलें, तर तो मनुष्य मराठा समजून पुढें जाणारे आपल्यांत पुष्कळ निघतील. नांवांची हीं समीकरणें ग्रंथांतून थोडींच मिळतात. दोन लिप्यांच्या थडग्यावर तीं एकाखालीं एक खोदून ठेवलेलीं असतात. अशा शंभर दगडांच्या नकला उतरल्या तर उत्तर कोंकणच्या दफ्तरांतील कित्येक अनोळखी नांवांची ओळख पटेल असें मला वाटतें.

तारखांच्या बाबतींत कांहीं खुलासा केला पाहिजे, कारण नवशिक्याची फसगत येथेंच होते. इब्री अक्षरें आंकड्यांचेंही काम करितात : आलेफ १, बेथ २, योद १०, काफ २०, लामेद ३०, कोफ १००, रेश २००, शीन ३००, ताव ४००. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेल्या वर्षांतील हजारांचा आंकडा बहुधा गाळलेला असतो. ताव-रेश-लामेद-तेथ अशीं अक्षरें असतील तर ४००, २००, ३० व ९ मिळून ६३९ झाले, म्हणजे वर्ष ५६३९. लहान संख्येंत १२४० मिळविले कीं इसवी सन येतो, येथें १८७९, शालिवाहन शके १८०१. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास यहुद्यांचें नवें वर्ष लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूस मात्र १२३९ मिळवावे लागतात. अक्षरांचा अनुक्रमही नेहमीं मोठ्याकडून लहानाकडे असतोच असें नाहीं. वर्ष ५६९८ च्या अक्षरांचा सरळ क्रमानें वाचल्यास 'तूं खून करशील' असा शब्द होतो, म्हणून शेवटचीं दोन अक्षरें उलटीं लिहिण्याचा परिपाठ पडला. तसेंच १५ हा आंकडा दहा व पांच असा न लिहितां नऊ व सहा असा लिहितात, कारण पहिल्या रीतीनें ईश्वराच्या नांवाचीं अक्षरें होतात.

याहून मोठा खड्डा दगडाच्या तळाशीं असतो. मृताचा आत्मा सुरक्षित राहो अशा अर्थाच्या प्रार्थनेचीं पांच आद्याक्षरें, ताव, नून, साधे, बेथ, हे, जवळजवळ प्रत्येक इब्री थडग्यावर असतात, व त्यांवर संक्षेपाच्या त्याच खुणा असतात ज्या आंकड्यांवर येतात. त्यांस वर्ष समजून बेरीज केली तर ५४७ येते, म्हणजे इसवी सन १७८७. असा वाचक दफनभूमींतील सर्व मृतांस एकाच वर्षीं मारील. आणि योगायोग असा कीं, तें वर्ष ठाण्याचे ताम्रपट सांपडल्याचें असल्यामुळें त्यास आपला शोध अधिकच खरा वाटेल!

मुसलमानी कबरींवरील वर्षें काढण्यासही पुष्कळदां हीच किल्ली लागते. अरबी 'अबजद' मोजणी याच सेमेटिक वर्णक्रमावर बसविलेली आहे : अलिफ १, ये १०, लाम ३०, रे २००, शीन ३००, ते ४००. इब्री मोजणी चारशेंवर थांबते, अरबी पुढें गैन १००० पर्यंत जाते. ७८६ हा आंकडा सर्वांच्या परिचयाचा आहे, तो याच मोजणीचा. मृत्यूचें वर्ष निघेल असा फारशी शब्द किंवा चरण रचण्याची जी रीत आहे, तीही याच हिशेबाची. आपल्याकडे 'वेद' म्हणजे चार व 'नेत्र' म्हणजे दोन असें मानून शक सांगणाऱ्या पोथीलेखकास ती परकी वाटूं नये. ठाण्याची यहुदी दफनभूमि आणि कल्याणचें कबरस्तान यांच्या कुलुपांस अशी एकच किल्ली चालते, ही गोष्ट आपल्या संशोधकांच्या फारशी ध्यानीं आलेली दिसत नाहीं.

आणखी एक बारकावा. यहुदी व मुसलमान यांचा दिवस सूर्यास्तास सुरू होतो, इंग्रजांचा मध्यरात्रीं, आपला सूर्योदयास. शनिवारीं दिवेलागणीनंतर वारलेला मनुष्य इब्री लेखांत रविवारचा व मराठी लेखांत शनिवारचा असूं शकतो. अशा ठिकाणीं दोन तारखांत एका दिवसाचा फरक पडला म्हणून पाथरवटास दोष देण्यापूर्वीं मृत्यूची घटका विचारावी. तो फरक पुष्कळदां चूक नसून रात्रीचा पुरावाच असतो.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्रायल देशीं गेले. तेथून 'मायबोली' हें मराठी नियतकालिक निघालें, यावरून भाषेचा लोभ सुटला नाहीं हें दिसतें. परंतु तेथें जन्मलेल्या पिढ्या इब्री सहज वाचतात, बाळबोध बहुधा नाहीं. इकडे आपण बाळबोध वाचतों, इब्री नाहीं. आजोबाच्या थडग्यापुढें उभा राहिलेला नातू वरचा अर्धा दगड वाचतो व आपण खालचा. दोघांनीं एकत्र बसून वाचण्याचा काळ अजून हातचा गेलेला नाहीं, पण वाट पाहण्यास दगड तयार नाहींत. कोंकणच्या पावसांत संगमरवराचीं अक्षरें दोन-तीन पिढ्यांत साखरेसारखीं विरघळूं लागतात. काळा दगड टिकतो, पण त्यावर शेवाळ चढतें.

ज्यांस या कामाची गोडी लागेल त्यांस चार गोष्टी सांगतों. दफनभूमि ज्यांची असेल त्यांच्या विश्वस्तांची परवानगी प्रथम घ्यावी. ती सहसा नाकारली जात नाहीं, आणि राखणदाराजवळ जी माहिती असते ती पुष्कळदां विश्वस्तांजवळही नसते. पावसाळा संपल्यावर, गवत सुकूं लागलें म्हणजे जावें. दुपारीं कांहीं दिसत नाहीं. सकाळीं किंवा उन्हें कलल्यावर तिरप्या प्रकाशांत, जो दगड सपाट वाटला त्यावरच ओळी उभ्या राहतात, व त्या वेळीं होणारा आनंद ज्यानें धुळींतून मोडीची पहिली ओळ लाविली आहे त्यास निराळा सांगावयास नको. खडू फासूं नये, तारेच्या ब्रशानें घासूं नये, आम्ल तर मुळींच लावूं नये. स्वच्छ पाणी व मऊ कुंचला पुरे. दगड मजबूत असेल तरच ठसा घ्यावा, एरवीं छायाचित्रावर भागवावें. इब्री येत नसलें तरी अक्षरांचें चित्र जसेंच्या तसें, खुणांसह, उतरून घ्यावें. अर्थ मागाहून लागतो. दगड कोणत्या रांगेंत, कोणाच्या शेजारीं आहे तेंही टिपावें, कारण नातें पुष्कळदां मजकुरांत नसून शेजारांत असतें.

शिशाचीं अक्षरें बसविलेलीं थडगीं तर विशेष काळजीनें पाहावीं. शिसें गळून गेलेलें किंवा चोरीस गेलेलें असलें कीं दगड कोरा म्हणून वगळला जातो. परंतु तें अक्षर धरून ठेवण्याकरितां पाथरवटानें आंत बारीक छिद्रें पाडलेलीं असतात, आणि प्रत्येक अक्षराच्या छिद्रांची मांडणी ठराविक असते. शेजारच्या शाबूत दगडावरून ती मांडणी एकदां समजून घेतली म्हणजे त्या रिकाम्या छिद्रांवरूनच नांव व वर्ष, दोन्ही लावतां येतात.